३५ हजारांचा टीव्ही घेताना मागचा उजेड बघा

प्रश्न थोडक्यात असा: चिपळूणला आई-बाबांसाठी टीव्ही घ्यायचा आहे. बजेट ३५ हजार. जुना ३२ इंची एलईडी दहाएक वर्षं चालला, आता आवाज येतो पण पडदा काळा. सोफ्यापासून टीव्हीची भिंत नऊ फुटांवर. बाबा दिवसभर बातम्या आणि क्रिकेट लावतात, आई संध्याकाळच्या मालिका बघते, सुट्टीत नातवंडं यूट्यूब. दुकानदार क्यूएलईडी घ्या म्हणतो, पुण्यातला मित्र मिनी एलईडीसाठी थांब म्हणतो, ओएलईडी सगळ्यात भारी असं ऐकलंय, आणि आता आरजीबी मिनी एलईडी येतंय म्हणतात. आत्ता घ्यावा की थांबावं?

आधी जुन्या टीव्हीबद्दल. तो अजून भंगारात दिला नसेल तर रात्री हॉलमधले दिवे घालवा, टीव्ही चालू करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरका धरा. टॉर्चच्या गोलात माणसं हलताना पुसट दिसली, तर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या एलईडी टीव्हींत हा बिघाड फार मोठ्या प्रमाणावर असतो. पडद्यामागे ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर एलईडी बसवलेले असतात आणि ते एकापुढे एक, मालिकेत जोडलेले असतात. त्यातला एक जरी तुटला की अख्खी माळ बंद होते. पट्ट्या बदलायला ३२ इंचाला मजुरीसकट साधारण दीड-दोन हजार लागतात. तेवढ्यात तो टीव्ही आतल्या खोलीत आणखी काही वर्षं चालेल. फक्त कारागिराला सांगा की एक-दोन एलईडी न बदलता सगळ्या पट्ट्या नव्या टाक आणि उजेडाचा करंट थोडा कमी कर. एकच एलईडी बदलला तर जुने उरलेले सहा महिन्यांत रांगेनं जातात.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे तुमच्या बजेटमधल्या टीव्हीचं सगळं रहस्य या पट्ट्यांतच आहे. ३५ हजारांत खोक्यावर काहीही छापलेलं असो, आत एलसीडीच असतो. एलसीडीच्या पिक्सेलला, म्हणजे चित्राच्या ठिपक्याला, स्वतःचा उजेड नसतो. ती एक बारीक झडप आहे, मागून येणारा प्रकाश कमी-जास्त सोडणारी. पूर्वी मागे बारीक ट्यूब असायच्या तेव्हा त्याला नुसतं एलसीडी म्हणायचे, ट्यूबच्या जागी एलईडी आले तेव्हा कंपन्यांनी त्याच टीव्हीला एलईडी टीव्ही म्हणायला सुरुवात केली. क्यूएलईडी हे नाव सॅमसंगनं २०१७ मध्ये आणलं आणि पुढे इतरांनीही उचललं. त्यात मागे निळे एलईडी असतात आणि मध्ये क्वांटम डॉटचा एक थर. हे अब्जांश मीटरच्या मापाचे कण निळ्या उजेडाचं शुद्ध लाल आणि शुद्ध हिरव्यात रूपांतर करतात. रसायनशास्त्राचं २०२३ चं नोबेल याच कणांच्या शोधासाठी दिलं गेलं, तेव्हा विज्ञान अस्सल आहे, प्रश्नच नाही. पण तो थर रंग सुधारतो. काळ्याचा काळेपणा आणि चित्राची चमक त्यानं सुधारत नाही, ती मागच्या उजेडावर आणि काचेवर ठरते. मागे कमजोर पट्ट्या असलेला क्यूएलईडी आणि चांगल्या पट्ट्यांचा साधा एलईडी शेजारी ठेवला, तर मी साधा घ्यायला सांगेन.

मिनी एलईडी ही खरी पुढची पायरी आहे. मोजक्या मोठ्या एलईडींऐवजी हजारो बारीक एलईडी असतात आणि ते गटागटानं मंद किंवा तेज होतात. काळं आकाश आणि त्यात चंद्र असेल, तर आकाशामागचे गट मंदावतात, चंद्रामागचे पेटतात. टीसीएलनं २०१९ मध्ये पहिले मिनी एलईडी टीव्ही विकायला काढले. आता ५५ इंचात हे तंत्र साधारण ५० हजारांच्या आसपास यायला लागलंय. पण इथेही नाव फसवं आहे. गट किती, हा प्रश्न विचारा. काहीशे गट असतील तर फरक डोळ्याला दिसतो. मोजकेच गट असतील तर चंद्राभोवती धुरकट वलय दिसतं आणि मालिकेतल्या अंधाऱ्या दृश्यात खालची अक्षरं आली की पडद्याचा अख्खा तुकडा उजळतो. विक्रेत्याला गटांचा आकडा सांगता येत नसेल आणि कंपनीच्या माहितीपत्रातही तो नसेल, तर त्या नावाचे जादा दहा हजार देऊ नका.

ओएलईडी तुमच्यासाठी नाही, आणि ते फक्त पैशामुळे नाही. चित्र अप्रतिम असतं, कारण त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, काळं म्हणजे खरोखर काळं. पण बाबा दिवसभर बातम्या लावतात म्हणालात. मराठी वृत्तवाहिन्यांचा पडदा डोळ्यांसमोर आणा: कोपऱ्यात लोगो, खाली लाल पट्टी, तिच्याखाली सरकती ओळ, कडेला आणखी एक चौकट. रोज आठ-दहा तास तीच लाल पट्टी तिथेच पेटत राहिली तर त्या जागचे पिक्सेल इतरांपेक्षा लवकर थकतात आणि पुढे क्रिकेटच्या हिरव्या मैदानावर पट्टीची छाया दिसायला लागते. ती छाया दुरुस्त होत नाही. कंपन्यांनी पिक्सेल हलवण्याचे, लोगो मंद करण्याचे उपाय केलेत, त्यानं धोका कमी होतो, जात नाही. रात्री दिवे मालवून सिनेमे बघणाऱ्या माणसाला मी आनंदानं ओएलईडी सुचवतो. बातम्यांच्या घराला एलसीडी.

आता थांबायचं का. आरजीबी मिनी एलईडीत मागचे एलईडीच लाल-हिरवे-निळे असतात, त्यामुळे रंग आणखी शुद्ध मिळतात. २०२५ मध्ये हायसेन्सनं ११६ इंची आणि सॅमसंगनं ११५ इंची असे टीव्ही आणले, किमती कितीतरी लाखांत. मिनी एलईडी २०१९ मध्ये आलं आणि मध्यमवर्गीय बजेटच्या उंबरठ्यापर्यंत यायला त्याला पाच-सहा वर्षं लागली. या हिशेबानं तुमच्या ३५ हजारांत आरजीबी यायची वाट बघणं म्हणजे आई-बाबांना काही वर्षं काळ्या पडद्यापुढे बसवणं. तंत्र बदलत राहणारच. प्लाझ्मा टीव्हीचं चित्र त्या काळच्या एलसीडीपेक्षा सरस होतं, तरी पॅनासोनिकनं २०१३ च्या अखेरीस त्याचं उत्पादन थांबवलं आणि वर्षभरात सॅमसंग-एलजीनंही तेच केलं. पण ज्यांनी प्लाझ्मा घेतला त्यांनी पुढे बरीच वर्षं सुखानं बघितला. पैसे वाया गेले ते त्रिमितीवाल्यांचे. २०१० च्या सुमारास चष्मा लावून बघायच्या टीव्हींचा गाजावाजा झाला, लोकांनी त्यासाठी जादा मोजले, बघायला कार्यक्रमच नव्हते, आणि २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी ते बंद करून टाकलं. आज तीच गत एटके, म्हणजे फोरकेहूनही बारीक ठिपक्यांच्या, टीव्हीची आहे. आपण घरी काय बघतो त्याला उपयोगी पडेल तेच तंत्र विकत घ्यावं, एवढाच निकष मी लावतो.

आत्ता घ्यायला आणखी एक कारण आहे. ३२ इंचांवरच्या टीव्हींवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. ३२ इंचाला आधीपासूनच १८ होता. म्हणजे लहान आणि मोठ्या टीव्हीतली दरी कमी झाली आहे, आणि तुमच्या पैशात आता आकाराला थोडा जास्त वाव मिळतो.

आकार कोणता? नऊ फुटांवरून ४३ इंच मला अपुरा वाटतो, विशेषतः साठीपुढच्या डोळ्यांना धावफलकावरची अक्षरं वाचायची असतील तेव्हा. ५५ चालेल, पण ३५ हजारांत ५५ घ्यायला गेलात तर कंपनी पैसे कुठून वाचवते तर मागच्या पट्ट्यांतून. म्हणून माझं उत्तर ५० इंच. याला एक कारागिराचं कारणही आहे. एलसीडीच्या काचा मुख्यतः दोन जातीच्या असतात. व्हीए काचेत काळ्या-पांढऱ्यातला फरक साधारण तीन ते पाच हजारास एक असतो, आयपीएसमध्ये हजारास एकच्या आसपास. व्हीएमध्ये काळं जास्त काळं दिसतं, पण बाजूला बसलं की रंग फिके पडतात. आयपीएसमध्ये बाजूनंही रंग टिकतात, पण रात्री दिवा घालवला की काळं राखाडी दिसतं. ४३ आणि ५५ इंचांत दोन्ही जाती मिसळून येतात, एकाच मॉडेलच्या दोन खेपांतही वेगळ्या असू शकतात. ५० इंचात मात्र बहुतेक व्हीएच असतात. आई-बाबा सोफ्यावर समोर बसतात, तेव्हा व्हीए योग्य. जर आई झोपाळ्यावर बाजूला बसून मालिका बघत असेल तर दुकानात टीव्हीच्या समोरून सरकत एका बाजूला जाऊन उभं राहा आणि नायिकेच्या चेहऱ्याचा रंग कितपत धुवून निघतो ते बघा. या परीक्षेला कुठलंही उपकरण लागत नाही.

फोरके की फुल एचडी यावर फार डोकं चालवू नका. ५० इंचात आता फोरकेच मिळतो. नऊ फुटांवरून साधारण नजरेला त्यातला फरक जेमतेम कळतो, आणि वाहिन्यांचं नेहमीचं प्रक्षेपण फोरके नसतं. आईच्या मालिका एसडी वाहिनीवर चालू असतील तर ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं चित्र ८० लाखांहून जास्त ठिपक्यांवर ताणलं जाणार आणि ते भुरकटच दिसणार. नवा टीव्ही आणला आणि चित्र जुन्यापेक्षा वाईट दिसतं, अशा तक्रारीसाठी मी घरी जातो तेव्हा निम्म्या वेळा सेटटॉप बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीनं जोडलेला असतो. ती वायर काढून एचडीएमआय लावा, बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय निवडा आणि आईच्या आवडीच्या तीन-चार वाहिन्यांचे एचडी पॅक घ्या. टीव्हीवर पाच हजार जास्त घालवण्यापेक्षा यानं जास्त फरक पडतो.

खोक्यावरच्या एचडीआरचंही (उजेड-अंधारातला फरक वाढवून दाखवणाऱ्या चित्राचंही) तसंच. ते चिन्ह म्हणजे टीव्हीला तो सिग्नल कळतो एवढंच. तो दाखवायला चमक लागते. तसे कार्यक्रम हजार निट (निट म्हणजे पडद्याची चमक मोजायचं माप) किंवा त्याहून जास्त चमक धरून बनवतात आणि तुमच्या बजेटमधले टीव्ही २५० ते ३५० निटपर्यंत जातात. यातला जास्त निटवाला निवडा, पण एचडीआरसाठी नव्हे. चिपळूणच्या घरात दुपारी खिडक्या उघड्या असतात, समोरचा उजेड पडद्यावर येतो, तेव्हा कमी निटचा टीव्ही आरसा होतो.

आतलं सॉफ्टवेअर हा भाग लोकांना सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, मला सगळ्यात कमी. २ जीबी रॅम असावी, १ जीबीवाला वर्ष-दीड वर्षात रांगायला लागतो. पण तो रांगायला लागला तरी तीन-चार हजारांची स्ट्रीमिंग स्टिक मागे खोचली की काम झालं. टीव्हीचं डोकं बदलता येतं, काच बदलता येत नाही. म्हणून पैसे काचेत आणि उजेडात घाला. रिमोट मात्र हातात धरून बघा. बाबांना आकड्यांची बटणं हवी असतील आणि रिमोटवर सातच बटणं असतील तर रोज तुम्हाला फोन येणार.

आवाजासाठी तीन-चार हजार वेगळे ठेवा. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात, संवाद अस्पष्ट येतात आणि वयस्कर माणसं आवाज वाढवत राहतात. एआरसी लिहिलेल्या एचडीएमआयला छोटा साउंडबार जोडला की टीव्हीच्याच रिमोटनं आवाज कमी-जास्त करता येतो.

आता कंपनी. मी नाव सुचवणार नाही, पण निवडायची पद्धत सांगतो. सॅमसंगच्या डिस्प्ले कंपनीनं २०२२ मध्ये एलसीडी काच बनवणं बंद केलं. एलजीच्या डिस्प्ले कंपनीनं ग्वांगझूचा मोठा एलसीडी कारखाना टीसीएलच्या काच बनवणाऱ्या सीएसओटी कंपनीला विकला. आज जगातल्या बहुतेक टीव्हींची एलसीडी काच बीओई, सीएसओटी, एचकेसी अशा चिनी कारखान्यांतून येते, वरचं नाव कोरियन असो, जपानी असो की भारतीय. मग ब्रँडचे जास्त पैसे कशाचे? चित्रावर प्रक्रिया करणाऱ्या चिपचे, पट्ट्या आणि पॉवर सप्लायच्या दर्जाचे, आणि सेवेचे. यातलं तिसरं तुम्हाला आधीच तपासता येतं. कंपनीच्या सेवा केंद्राच्या नंबरवर फोन करून घरचा पिनकोड सांगा आणि विचारा की माणूस चिपळूणहून येतो की रत्नागिरीहून की कोल्हापूरहून. मग गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे जा आणि विचारा, या कंपनीचे बोर्ड आणि पट्ट्या तुला मिळतात का? तो दोन मिनिटांत खरं सांगेल. ज्याच्या पट्ट्या बाजारात मिळत नाहीत तो टीव्ही कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. वॉरंटी बहुधा एक वर्षाची असते, पॅनेलवर, म्हणजे काचेवर, दोन-तीन वर्षांची देणाऱ्याला प्राधान्य द्या. पॅनेल गेलं की त्याची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते, आणि फुटलेलं पॅनेल साध्या वॉरंटीत कधीच बसत नाही.

ऑनलाइन घ्या किंवा दुकानातून, खोकं घरात उघडूनच ताब्यात घ्या. टीव्ही लावून यूट्यूबवर पूर्ण पांढरा, पूर्ण राखाडी आणि पूर्ण काळा पडदा दाखवणारा व्हिडिओ चालवा. पांढऱ्यावर उभी रेघ किंवा काळा ठिपका, राखाडीवर कोपऱ्यात मळकट डाग, काळ्यावर कडेनं सांडलेला उजेड, हे तिथेच दिसतं. आणलेला माणूस घाई करतो, करू द्या.

कोकणासाठी दोन गोष्टी जास्त सांगाव्या लागतात. मे महिन्याच्या अखेरीस आणि परतीच्या पावसात जे गडगडाट होतात त्यात टीव्ही जातात ते बहुतेकदा विजेच्या वायरीतून नाही, डिशच्या केबलमधून. छपरावरच्या डिशवरून धक्का सेटटॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयमधून टीव्हीच्या मदरबोर्डवर. दरवर्षी त्या दिवसांत जळलेल्या एचडीएमआय पोर्टचे बोर्ड ढिगानं येतात. नुसता प्लग काढून भागत नाही, बॉक्सच्या मागची डिशची केबलही काढायची. बाबांना ती हातानं सहज काढता येईल अशी पुढे घ्या. स्टॅबिलायझरची गरज फारशी नाही, आताचे टीव्ही शंभर ते २४० व्होल्टवर चालतात. खोलीतलं अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून बघून घ्या आणि सर्ज प्रोटेक्टरचा बोर्ड लावा. तुमच्याकडे व्होल्टेज २६० वर जात असेल तरच जास्त व्होल्टेजला तोडणारा स्टॅबिलायझर घ्या.

दुसरी गोष्ट पुसण्याची. ही मी प्रत्येक घरात सांगतो, कारण यानं जाणारी पॅनेल बघून जीव तुटतो. काचेच्या तळाशी, चौकटीच्या आत, पापुद्र्यासारख्या पिवळसर पट्ट्या असतात. त्यांवर चिप चिकटवलेल्या असतात आणि त्यांतूनच चित्राचा सिग्नल काचेत जातो. कुणी काच पुसायचा स्प्रे थेट पडद्यावर मारला की द्रव ओघळून चौकटीत उतरतो, त्या पट्ट्यांच्या सांध्यात शिरतो, आणि काही दिवसांनी पडद्यावर उभ्या रेघा येतात. मग पॅनेलच बदलावं लागतं. सुती किंवा मायक्रोफायबर फडकं कोरडं फिरवायचं. डाग असेल तर फडकं जेमतेम ओलं करून, पिळून, वरून खाली नव्हे, आडवं फिरवायचं.

पहिल्या दिवशी टीव्ही लावताना तो घरासाठी की दुकानासाठी असं विचारतो, तिथे घर निवडा. चित्राचा मोड विव्हिड असेल तर काढून सिनेमा किंवा स्टँडर्ड करा आणि बॅकलाइट (मागचा उजेड) शंभरवरून साठ-सत्तरवर आणा. दिवसा कमी वाटला तर थोडा वाढवा. पट्ट्यांचं आयुष्य त्यांच्या उष्णतेवर ठरतं. रोज दहा तास शंभरवर चालणारा टीव्ही तीन-चार वर्षांत माझ्याकडे येतो. कधी एलईडी जळून, कधी एलईडीवर चिकटवलेल्या छोट्या भिंगांचा गोंद उष्णतेनं सुटून. भिंग पडलं की पडद्यावर त्या जागी चंद्रासारखा पांढरा गोल दिसतो. तो गोल दिसला तर घाबरू नका, पॅनेल शाबूत असतं. कुणी पॅनेल बदला म्हणालं तर ऐकू नका. भिंगं परत चिकटवून घेतली की चित्र पूर्ववत होतं.

एवढं करून तुमचा हिशेब असा बसतो: ५० इंची फोरके, व्हीए पॅनेल, मागून थेट उजेड (पट्ट्या कडेला नव्हे, पडद्यामागे), २ जीबी रॅम, चिपळुणात सेवा मिळणारी कंपनी. क्यूएलईडी त्याच किमतीत किंवा हजार-दोन हजार जास्त देऊन मिळत असेल तर जरूर घ्या, रंग चांगले मिळतील. टीव्हीला २९ ते ३१ हजार, उरलेल्यात साउंडबार आणि सर्ज प्रोटेक्टर. एखाद्या चांगल्या कंपनीचा ५० इंची बजेटबाहेर जात असेल आणि ४३ इंची बसत असेल, तर ४३ घेऊन सोफा दीड-दोन फूट पुढे ओढा.

आणि जुना टीव्ही टॉर्चच्या परीक्षेत पास झाला तर मला त्याचा मॉडेल नंबर कळवा. मागच्या स्टिकरवर असतो. पट्ट्यांचा क्रमांक त्यावरून सांगता येईल, म्हणजे चिपळूणच्या कारागिराला आधी मागवून ठेवता येतील.